गरोदरपणात मुतखडा किंवा पित्ताशयातले खडे : पहिल्या कळेपासून बाळंतपणानंतरपर्यंत काय करायचं

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये बाळाचं वजन, हालचाल, गर्भजल सगळं व्यवस्थित असतं आणि तळाला एक ओळ असते : पित्ताशयात खडा, किंवा उजव्या मूत्रपिंडाला सौम्य सूज. ती वाचून काही घरं हादरतात, काही घरांत ‘हे काय, सगळ्यांनाच असतं’ म्हणून फाइल कपाटात जाते. दोन्ही टोकं चुकीची.

गरोदरपणात बहुतेक खडे लगेच काढावे लागत नाहीत. दुखणं आटोक्यात ठेवायचं, जंतुसंसर्ग होऊ द्यायचा नाही आणि बाळंतपण पार पडेपर्यंत वेळ काढायचा, हाच अनेकदा उपचार असतो. पण वेळ काढण्यालाही अटी आहेत. त्या कोणत्या, कोणत्या क्षणी अंगावर काढणं सोडून सरळ गाडीत बसायचं आणि मधल्या काळात स्वयंपाकघरापासून विम्याच्या कागदांपर्यंत काय तयारी ठेवायची, ते इथे क्रमाने लिहिते आहे. गोळ्यांचे आणि ऑपरेशनचे निर्णय तुमचे डॉक्टरच घेतील. त्यांच्यासमोर बसताना नेमके प्रश्न तुमच्याजवळ असावेत, एवढाच याचा उद्देश.

खडे याच दिवसांत का डोकं वर काढतात

गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढतं आणि पित्तरसातलं कोलेस्टेरॉलचं प्रमाणही वाढतं. प्रोजेस्टेरॉनमुळे पित्ताशय सुस्तावतं, नीट रिकामं होत नाही. साचलेल्या रसाचा आधी गाळ होतो आणि काहींमध्ये त्याचे खडे बनतात. दिलासा असा की हा गाळ बाळंतपणानंतर बऱ्याचदा आपोआप नाहीसा होतो.

मूत्रपिंडाचा हिशेब वेगळा. प्रोजेस्टेरॉनमुळे मूत्रवाहिन्या सैल पडतात आणि वाढत्या गर्भाशयाचा त्यांच्यावर दाबही येतो. गर्भाशय थोडं उजवीकडे झुकलेलं असतं, म्हणून उजव्या मूत्रपिंडाला सूज जास्त दिसते. ती बहुसंख्य गरोदर बायकांमध्ये खडा नसतानाही असते. शिवाय या काळात लघवीतून कॅल्शियम जास्त बाहेर पडतं. त्याच वेळी खडा होऊ न देणारं सायट्रेटही वाढतं, त्यामुळे नवे खडे होण्याचं प्रमाण एकूण फारसं वाढत नाही. मुतखड्याचा त्रास बहुतेकींना चौथ्या महिन्यानंतरच होतो.

आधी दुखणं कुठलं ते ओळखा

पुण्यात काय आणि गावाकडे काय, पोटाच्या वरच्या भागात दुखलं की पहिलं वाक्य ठरलेलं : ‘पित्त झालंय, थोडं थंड दूध घे.’ पाठीत दुखलं तर ‘उसण भरली असेल’. या दोन वाक्यांत अनेक रात्री वाया जातात.

पित्ताशयाची कळ उजव्या बरगडीच्या खाली किंवा पोटाच्या वरच्या मध्यभागी येते आणि उजव्या खांद्याकडे किंवा पाठीत जाते. जड जेवणानंतर तासा-दोन तासांनी, बहुधा रात्री, ती चढत जाते, मग एका पातळीवर टिकून राहते आणि अर्ध्या तासापासून काही तासांत ओसरते. सोबत मळमळ, उलटी असते. ॲसिडिटीच्या औषधाने ती हटत नाही. कळ सहा तासांच्या वर टिकली तर पित्ताशयाला सूज आल्याची शंका घ्यायची.

मुतखड्याची कळ कुशीतून, म्हणजे बरगड्या आणि कमरेच्या मधल्या भागातून सुरू होते आणि जांघेकडे उतरते. ती लाटेसारखी येते-जाते आणि बाईला एका जागी बसू देत नाही. कूस बदल, उठ, फेऱ्या मार, कशानेच चैन पडत नाही. लघवी लालसर होते, जळजळते किंवा सारखी लागते.

आता महत्त्वाचं. ही लक्षणं असली तरी दुखणं खड्याचंच असेल असं धरून चालू नका. विसाव्या आठवड्यानंतर उजव्या बरगडीखाली दुखत असेल तर सगळ्यात आधी रक्तदाब मोजायचा. दाब १४०/९० किंवा त्याहून जास्त, सोबत डोकं ठणकणं किंवा डोळ्यांपुढे अंधारी, असं असेल तर ते प्री-एक्लॅम्प्सियाचं, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून होणाऱ्या गंभीर आजाराचं लक्षण असू शकतं आणि तिथे खड्याचा विचार नंतर. गर्भाशय वर सरकल्याने अपेंडिक्सचं दुखणंही नेहमीच्या जागेपेक्षा वर जाणवू शकतं. मुदतीपूर्वी सुरू झालेल्या कळा आणि मुतखड्याच्या कळा यांची गफलत तर नेहमीचीच. पोटावर हात ठेवून पाहा. ठरावीक अंतराने सगळं पोट दगडासारखं घट्ट होऊन सैल पडत असेल तर त्या बाळंतकळा असू शकतात.

सकाळची वाट बघायची नाही, अशा वेळा

खालीलपैकी एकही गोष्ट असेल तर ‘उद्या ओपीडीत दाखवू’ हा पर्याय नाही :

- दुखण्यासोबत थंडी वाजून ताप. मूत्रमार्ग खड्याने अडलेला असताना मागे साचलेल्या लघवीत जंतू वाढले तर काही तासांत जंतुदोष रक्तात पसरू शकतो. या सगळ्या यादीत मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते.
- डोळे पिवळे होणं, लघवी गडद चहासारखी, शौचाचा रंग पांढुरका. खडा पित्तनलिकेत उतरल्याची ही खूण.
- पोटाच्या वरच्या भागातून पाठीत आरपार जाणारं, न थांबणारं दुखणं. स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते.
- लघवी जवळजवळ बंद होणं.
- पाण्याचा घोटही न टिकणाऱ्या उलट्या.
- बाळाची हालचाल कमी होणं, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, ३७ आठवड्यांआधी नियमित कळा.
- एकच मूत्रपिंड किंवा मधुमेह असताना आलेली कोणतीही मोठी कळ.

कळ आली ती रात्र

वरच्या यादीतलं काही नसेल, तर घरी काय करता येतं?

आधी घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात आणि कळेच्या भरात अर्धा तासही दोन तासांसारखा वाटतो. ताप आणि रक्तदाब मोजा. नववा महिना लागायच्या आत घरात थर्मामीटर आणि दंडावर बांधायचं बीपी मशीन असावं, हे मी प्रत्येकीला सांगते. बेबी शॉवरच्या फुग्यांपेक्षा तो खर्च सत्कारणी लागतो.

मुतखड्याची कळ असेल तर दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध कुशीवर झोपा. उजवीकडे दुखत असेल तर डाव्या कुशीवर. गर्भाशयाचा भार त्या मूत्रवाहिनीवरून हलतो आणि काहींना तेवढ्यानेच बरं वाटतं. गुडघे आणि कोपर टेकून ओणवं राहण्यानेही हाच उपयोग होतो. कमरेला कोमट पिशवीचा शेक चालेल, पोटावर नको आणि कढत तर मुळीच नको.

ऐन कळेत तांब्यामागून तांब्या पाणी पिऊन खडा ढकलायचा प्रयत्न करू नका. अडलेल्या नळीत मागून दाब वाढवला की कळ वाढते आणि उलटी होते ती वेगळीच. घोट घोट प्या. पित्ताशयाची कळ असेल तर ती थांबेपर्यंत काही खाऊ नका.

आता गोळी. इथे थोडं थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

गरोदरपणात घरच्या घरी घ्यायचं वेदनाशामक एकच : पॅरासिटामॉल. तेही आधी विचारून ठेवलेल्या मात्रेत आणि २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. पाळीच्या वेळी जी गोळी तुम्ही वर्षानुवर्षं घेत आलात, ज्यात मेफेनॅमिक ॲसिड असतं, ती आता नाही. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक, केटोरोलॅक हीही त्याच जातीची औषधं. विसाव्या आठवड्यानंतर यांच्यामुळे बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, आणि तिसाव्या आठवड्याच्या पुढे बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी आकसू शकते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये विसाव्या आठवड्यापासून ही औषधं टाळण्याचा इशारा दिला तो याच कारणाने. मुतखड्यावर एरवी सगळ्यात गुणकारी ठरणारं इंजेक्शनही याच गटातलं आहे. म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात रात्री अकराला ‘एक इंजेक्शन देऊन टाका’ म्हणण्याआधी आपण गरोदर आहोत, कितवा आठवडा आहे, हे स्वतःहून सांगा. सुरुवातीच्या महिन्यांत तर समोरच्याला दिसतही नाही.

आणखी एक खाचखळगा : आपल्याकडच्या अनेक गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉलबरोबर यांपैकी दुसरं औषध मिसळलेलं असतं. मेडिकलवाला ‘ताई, पॅरासिटामॉलच आहे’ म्हणेल, ते अर्धं खरं असेल. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं स्वतः वाचा. एकच नाव असलं तरच घ्या.

पॅरासिटामॉलने भागलं नाही, तर ‘सहन करते’ म्हणू नका. दवाखान्यात सलाईन, उलटीचं औषध, आणि गरज पडली तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोड्या दिवसांसाठी अधिक तीव्र वेदनाशामकही देता येतं. तळमळत रात्र काढल्याने बाळाचं काही भलं होत नाही.

शेवटचं : मुतखड्याची शंका असेल तर त्या दिवसापासून लघवी गाळायची. चहाची जुनी गाळणी, त्यावर पातळ सुती कापड. वाळूच्या कणाएवढं काही सापडलं तरी कोरड्या डबीत ठेवा. प्रयोगशाळेत तपासल्यावर खडा कशाचा ते कळतं आणि पुढचं पथ्य त्यावरून ठरतं. सासूबाई नाक मुरडतील, मुरडू देत.

जायचं कुठे

पहिला फोन तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना. थेट खड्यांच्या डॉक्टरांकडे धावू नका, कारण आधी बाळ आणि रक्तदाब बघायला हवा. मात्र नाव नोंदवलेलं नर्सिंग होम छोटं असेल तर पाचव्या महिन्यातच विचारून ठेवा : अशी वेळ आली तर तुम्ही मला कुठे पाठवाल? उत्तर अशा रुग्णालयाचं हवं जिथे रात्रीही सोनोग्राफी होते, मूत्ररोगतज्ज्ञ आणि पोटाचे सर्जन बोलावता येतात आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे. पुण्यात सरकारी व्यवस्थेत पुणे स्टेशनजवळचं ससून रुग्णालय आहे. पिंपरी-चिंचवडच्या बाजूला संत तुकारामनगरचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय. खासगीत एरंडवण्यापासून रास्ता पेठेपर्यंत मोठी रुग्णालयं आहेतच.

नाव मोठं म्हणून नदीपलीकडचं रुग्णालय निवडू नका. संध्याकाळी सातला हिंजवडीतून निघालेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. गणपतीत दिवस भरत असतील तर पेठांमध्ये राहणाऱ्यांनी आणखी आधी विचार करावा. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्ता आणि टिळक रस्ता ओलांडणं अशक्य असतं. रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि गरोदर बायकांना सरकारी रुग्णालयात नेण्यासाठी १०२.

तपासण्या : घाबरायचं कशाला, कशाला नाही

सुरुवात सोनोग्राफीनेच होते. पोटाची सोनोग्राफी खड्यासाठी असली तरी बाई गरोदर आहे म्हटल्यावर १९९४ च्या लिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली एफ फॉर्म भरावा लागतो. म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी आणि आधार कार्ड पर्समध्येच ठेवा. नाहीतर कळ सोसत काउंटरवर हुज्जत घालायची वेळ येते.

पित्ताशयातले खडे सोनोग्राफीत छान दिसतात. मूत्रवाहिनीतला खडा मात्र अनेकदा दिसत नाही, आणि जी सूज दिसते ती गरोदरपणाची की खड्याची हे ठरवणं अवघड असतं. त्यासाठी डॉप्लरने, म्हणजे प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीने, मूत्राशयात दोन्ही बाजूंनी लघवीची पिचकारी येते का ते बघतात. तरी उलगडा झाला नाही तर रंगद्रव्य न देता एमआरआय. त्यात किरणोत्सर्ग नसतो. सीटी स्कॅन शेवटचा पर्याय, पण निषिद्ध नाही. कमी मात्रेच्या सीटीत बाळापर्यंत साधारण ४ मिलीग्रेपेक्षा कमी किरण पोहोचतात आणि बाळाला अपाय होण्याची शक्यता ५० मिलीग्रेच्या खाली नगण्य मानली जाते. डॉक्टरांनी नाइलाजाने सीटी सुचवला तर ‘कमी मात्रेचा करणार ना?’ एवढं विचारा आणि करून घ्या.

रक्ताचे रिपोर्ट गूगलवर टाकून घाबरू नका. गरोदरपणात पांढऱ्या पेशी एरवीही वाढलेल्या असतात, आणि अल्कलाइन फॉस्फटेज वारेमुळेच वर जातं. बिलिरुबिन (कावीळ), एसजीपीटी (यकृत) आणि लायपेज (स्वादुपिंड) यांच्याकडे डॉक्टर जास्त लक्ष देतात. लघवीची साधी तपासणी पुरेशी नाही, कल्चरही (कोणते जंतू आहेत ते शोधणारी तपासणी) करा आणि प्रतिजैविक सुरू करण्याआधी नमुना द्या. तळहात-तळपायांना रात्री खाज सुटत असेल तर आवर्जून सांगा. तो यकृताचा वेगळा आजार असू शकतो.

मुतखडा : थांबणं, नळी, दुर्बीण

गरोदरपणातले साठ-सत्तर टक्क्यांहून अधिक खडे आपोआप पडतात. ५ मिलिमीटरपेक्षा लहान खड्याची शक्यता आणखी चांगली. तोवर पाणी, वेदनाशामक आणि संसर्ग असेल तर प्रतिजैविकाचा पूर्ण कोर्स. कोर्स संपल्यावर लघवीचं कल्चर पुन्हा करायचं, हे बहुतेकजणी विसरतात. मूत्रवाहिनी सैल करणारं टॅम्सुलोसिन काही डॉक्टर देतात. गरोदरपणातला त्याचा अनुभव मर्यादित आहे, तेव्हा विचारून समजून घ्या.

ताप आला, कळ आटोक्यात येईना, मूत्रपिंडाचं काम मंदावलं किंवा अकाली कळा सुरू झाल्या, तर वाट बघणं संपलं. मग दोन रस्ते. एक म्हणजे अडलेली लघवी मोकळी करणं : आतून डीजे स्टेंट नावाची बारीक नळी टाकून, किंवा पाठीतून थेट मूत्रपिंडात नळी घालून. संसर्ग असेल तर आधी हेच करतात, खड्याला हात लावत नाहीत. गरोदरपणात या नळ्यांवर क्षार लवकर साचतात, म्हणून त्या दर ४ ते ६ आठवड्यांनी बदलाव्या लागतात. चौथ्या महिन्यात स्टेंट पडला तर बाळंतपणापर्यंत किती वेळा बदलावा लागेल याचा हिशेब तेव्हाच मांडा.

दुसरा रस्ता म्हणजे मूत्रमार्गातून दुर्बीण घालून लेसरने खडा फोडणं. संसर्ग नसेल आणि अनुभवी हात असतील तर हे गरोदरपणातही सुरक्षितपणे होतं आणि नळ्या बदलण्याचा फेरा वाचतो. बाहेरून ध्वनिलहरींनी खडा फोडणं, ज्याला लोक ‘मशीनने फोडणं’ म्हणतात, ते गरोदरपणात पूर्णपणे वर्ज्य. पाठीतून छिद्र पाडून मोठा खडा काढण्याचं ऑपरेशनही बाळंतपणानंतर.

आणि नाही, मुतखडा आहे किंवा स्टेंट आहे म्हणून सिझेरियन करावं लागत नाही.

पित्ताशय : इथे वाट बघण्याचं गणित वेगळं

मुतखडा पडून जातो. पित्ताशयातला खडा तसा पडून जाईल या भरवशावर राहता येत नाही. तो नलिकेत उतरला तर त्रास उलट वाढतो. पण दुखत नसेल तर त्याला काहीही करायचं नसतं. योगायोगाने दिसलेला आणि मुका असलेला खडा फाइलमध्ये नोंदवायचा आणि पथ्य पाळायचं, बस.

दुखायला लागला की प्रश्न तिमाहीचा येतो. पहिल्या-दुसऱ्या तिमाहीत कळा सुरू झाल्या तर पुढचे कित्येक महिने त्या परत परत येण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचा सल्ला मिळाला तर दचकू नका. हे ऑपरेशन गरोदरपणात जगभर होतं. दुसरी तिमाही त्यासाठी सोयीची मानली जाते. वारंवार दवाखान्यात भरती होणं, उपाशी राहणं, वजन न वाढणं आणि स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका, याच्या तुलनेत ते ऑपरेशन बाळासाठी जास्त सुरक्षित ठरू शकतं. तिसऱ्या तिमाहीत साध्या कळा असतील तर बहुतेक सर्जन बाळंतपणानंतरची तारीख देतात. मात्र पित्ताशयाला सूज किंवा पू असेल तर तिमाही न बघता निर्णय घ्यावा लागतो. खडा पित्तनलिकेत अडकला असेल तर तोंडावाटे दुर्बीण घालून तो काढतात, त्याला ईआरसीपी म्हणतात. किरण कमीत कमी वापरून तेही गरोदरपणात होतं.

‘सिझेरियन होणारच आहे तर त्यातच पित्ताशय काढून टाका’ असं घरातले कोणीतरी सुचवतंच. सहसा तसं करत नाहीत. सिझेरियनचा छेद ओटीपोटात असतो, पित्ताशय बरगडीखाली.

सर्जनला तीन प्रश्न विचारा : गरोदर बाईवर हे ऑपरेशन तुम्ही याआधी केलंय का, बाळाचे ठोके आधी आणि नंतर कोण तपासणार, आणि अकाली कळा आल्या तर इथेच सोय आहे का.

पाणी आणि ताट

दिवसाकाठी अडीच-तीन लिटर पाणी आणि पातळ पदार्थ, एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात त्याहून थोडं जास्त. लघवी फिक्या रंगाची राहिली की प्रमाण बरोबर. हृदयाचा आजार असेल किंवा डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर हा आकडा तुमच्यासाठी नाही.

पाणी कमी पडण्याचं खरं कारण मात्र वेगळंच असतं. पीएमपीच्या बसने किंवा दुचाकीवरून तासभराचा प्रवास, वाटेत बाईला जाता येईल असं स्वच्छ स्वच्छतागृह नाही, म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. यावर ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला फुकाचा आहे. त्यापेक्षा वेळा वाटून घ्या : उठल्यावर दोन भांडी, निघण्याआधी तास-दीड तास थांबायचं, ऑफिसला पोहोचल्याबरोबर एक बाटली, दुपारी एक, आणि झोपण्याआधी एक भांडं. बोअरच्या आणि टँकरच्या जड पाण्याला लोक फार दोष देतात. पाण्याच्या चवीपेक्षा ते पोटात किती जातं याने जास्त फरक पडतो.

लिंबू-पाणी चांगलं, मीठ-साखर बेताची. पातळ ताक, कोकम, शहाळं चालेल. लघवीच्या जळजळीवर मेडिकलमध्ये मिळणारं सायट्रेटचं सिरप मात्र न विचारता घेऊ नका. गरोदरपणातले खडे बऱ्याचदा कॅल्शियम फॉस्फेटचे असतात आणि लघवी फार अल्कधर्मी झाली तर ते वाढायला मदतच होते.

मुतखडा निघाला की पहिली कुऱ्हाड कॅल्शियमच्या गोळ्यांवर पडते. परस्पर बंद करू नका. त्या गोळ्या रक्तदाबाच्या गुंतागुंतीपासूनही संरक्षण देतात. जेवणाबरोबर घेतल्या तर आतड्यात ऑक्झलेटला, म्हणजे अन्नातल्या खडे बनवणाऱ्या घटकाला, बांधून ठेवतात; फक्त लोहाच्या गोळीपासून दोन तास दूर ठेवा. दूध-दही तोडायचं नाही. तोडायचंच असेल तर मीठ तोडा : पापड, लोणचं, फरसाण, पाकिटातले वेफर्स. जास्त मिठाने लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. टोमॅटो-वांग्याच्या बियांचा खडा होतो ही समजूत सोडून द्या. पालक आणि अळू रोज नको, कधीतरी खायचं तर पालक उकडून पाणी ओतून द्यावं. व्हिटॅमिन सीच्या फेसाळणाऱ्या जास्त ताकदीच्या गोळ्या टाळा.

पित्ताशयासाठी एकच सूत्र : एका वेळी तळकट आणि तुपकट कमी. तेल-तूप शून्य करू नका, बाळाला स्निग्धांश लागतो आणि पित्ताशय रिकामं व्हायलाही थोडा लागतो. दिवसभराचं मिळून चहाचे चार-पाच चमचे, तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा छोटी. मिसळीची तर्री, वडे, साय, रात्रीची बिर्याणी यांना सुट्टी. डोहाळेजेवणाचं ताट पाहून मन मोडत नाही, तेव्हा चव घ्या. पुरणपोळीवर तुपाची धार धरणारा हात मात्र वेळीच अडवा.

उपास हा दोन्ही खड्यांचा मित्र. पोट बराच वेळ रिकामं राहिलं की पित्त साचून राहतं, आणि पाणीही कमी जातं. हरतालिकेचा निर्जळी उपास या वर्षी नको. चतुर्थीला दिवसभर उपाशी राहून रात्री तुपातली साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, वर बटाट्याचे पापड, हे तर कळेला दिलेलं निमंत्रण. राजगिरा, शेंगदाणे, रताळं यांत ऑक्झलेटही बरंच. उपास करायचाच हट्ट असेल तर फळं, दूध, ताक, भगर घ्या आणि दर दोन-तीन तासांनी खा.

घरगुती उपायांबद्दल

कुळथाचं पिठलं, हुलग्याचं कढण जेवणात खुशाल घ्या, तो साधा कडधान्याचा पदार्थ आहे. खडा त्याने विरघळेल अशी आशा ठेवू नका. पानफुटीची पानं, पाषाणभेद, गोखरू, वरुणाची साल, यांची चूर्णं आणि काढे गरोदरपणात स्वतःच्या मनाने नकोत. गर्भावरचा परिणाम नीट तपासलेला नाही. आयुर्वेदाचे उपचार घ्यायचे असतील तर वैद्यांना गरोदरपण सांगून आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या कानावर घालून घ्या. बिअरने खडा पडतो हा सल्ला तर काही दीर आणि मेव्हणे आजही गंभीर चेहऱ्याने देतात. सफरचंदाचा रस, तेल आणि लिंबू पिऊन पित्ताशय ‘धुण्याचा’ व्हिडिओ आला तर पुढे पाठवू नका. एवढं तेल एकदम गेलं की पित्ताशय जोरात आकसतं आणि खडा नलिकेत ढकलला जाऊ शकतो. नंतर शौचात जे हिरवट गोळे दिसतात, ते त्याच तेलाचे बनलेले असतात.

पैशांची आणि कागदांची बाजू

सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली गरोदर बाईची औषधं, तपासण्या आणि वाहतूक मोफत आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयांत ‘आरोग्यमित्र’ नावाचा माणूस बसतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा आणि तुमचं ऑपरेशन योजनेत बसतं का ते विचारा.

खासगी विमा असेल तर पॉलिसीचं ते कंटाळवाणं पान आजच काढा. मूत्रमार्ग आणि पित्ताशयाच्या खड्यांना अनेक वैयक्तिक पॉलिसींत २४ महिन्यांची प्रतीक्षा असते. बाळंतपणाची मर्यादा वेगळी असते. कंपनी खड्यासाठीची भरती बाळंतपणाच्या मर्यादेत टाकू पाहते का, हे ईमेलवर लेखी विचारून ठेवा. नोकरीच्या ठिकाणच्या सामूहिक पॉलिसीत या अटी बऱ्याचदा शिथिल असतात.

फाइलमध्ये सगळ्या सोनोग्राफी, रक्तगट, चालू गोळ्यांची यादी आणि औषधांची ॲलर्जी एका कागदावर. नवऱ्याच्या मोबाइलमध्ये त्याचा फोटोही असू दे.

बाळंतपणानंतर

पित्ताशयाच्या कळा पहिल्यांदा येण्याचा मोठा काळ बाळंतपणानंतरचाच. आणि नेमकं तेव्हा आपल्याकडे डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, अळिवाची खीर आणि भातावर तुपाची वाटी येते. खडे माहीत असतील तर आईला आणि सासूबाईंना आधीच एकत्र बसवून सांगा : लाडू अर्धा, तूप चमचाभर, बाजरीची भाकरी, शेपू, मुगाचं वरण भरपूर. एकदम वजन उतरवायच्या मागेही लागू नका, झपाट्याने वजन घटलं की नवे खडे होतात.

दुखलं तर स्तनपान चालू असताना आयब्युप्रोफेन साधारणपणे चालतं, तरी डॉक्टरांना विचारून घ्या. भूल उतरून नीट जाग आली की बाळाला पाजता येतं. पित्ताशयाचं राहिलेलं ऑपरेशन साधारण सहा आठवड्यांनंतर करतात. कळा येत असतील तर ते ‘बाळ मोठं झालं की बघू’ म्हणून लांबवू नका. मध्ये स्वादुपिंडाची सूज आली तर बाळाला सोडून भरती व्हावं लागतं. गर्भनिरोधक गोळी सुरू करताना इस्ट्रोजेन नसलेला पर्याय विचारा.

मूत्रपिंडाची गरोदरपणातली सूज उतरायला सहा आठवड्यांपर्यंत लागतात, म्हणून राहिलेल्या खड्याचा सीटी स्कॅन त्यानंतरच करा. खडा मिळाला असेल तर त्याचा रिपोर्ट आणि २४ तासांच्या लघवीची तपासणी मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवा. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर उरलेले खडे त्याआधी काढून घ्या.

आणि स्टेंट. बाळाच्या गडबडीत तो आत आहे हेच विसरलं जातं. त्यावर क्षार चढत जातात आणि पाच मिनिटांत निघणारी नळी काढायला मोठं ऑपरेशन लागतं. डिस्चार्ज कार्डवर स्टेंट काढायची तारीख लिहून घ्या, आणि बाळाच्या दीड महिन्याच्या लसीचं कार्ड जिथे लावाल तिथेच, फ्रिजच्या दारावर, ती तारीखही लावा.